डांबरी खळं

"हान बैल! हान म्हंतो न्हवं! बघू किती येळ पडून ऱ्हातीया!"

प्रतापराव चिकप्पा खळ्याच्या कडेला उभा राहून ओरडत होता. बैल हाणायला तिथं दुसरं कुणी नव्हतं, कासरा त्याच्याच हातात होता. हा माणूस जन्मभर असाच. हुकूम स्वतःलाच सोडायचा आणि काम झालं नाही की दुसऱ्यावर खेकसायचं. चिकप्पा म्हणजे माझा धाकटा चुलता. मिशा वीतभर आणि काळीज चिमणीएवढं.

खळ्याच्या मधोमध माझी आई पालथी पडली होती. दोन्ही हात पसरून, गाल सारवलेल्या भुईला लावून. दगडी रुळाला जुंपलेले बैल तिच्यापासून दोन हातांवर थांबले होते आणि निवांत रवंथ करत होते. तिथं त्या वेळी अक्कल शाबूत असलेलं कोण होतं म्हणाल, तर ते दोन बैल.

"वैनी, उठा! पौष सरत आला. धुक्यानं पेंढ्यांची उडवी वली झालीया. रागी कुजाया लागली!"

"चीर हाय," आई म्हणाली.

"कुठं हाय चीर?"

"हितं. दाणा जाईल. खाली गेला म्हंजी परत न्हाई यायचा. मग काय कराल भावजी?"

चिकप्पानं माझ्याकडं बघितलं. मी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उभी होते. पंधरा वर्षांची घोडी, आणि धंदा काय, तर आईला शेण पुरवायचं. पुरवलं नाही तर ती वक्कलिगांच्या, म्हणजे कानडी शेतकऱ्यांच्या, गोठ्यातनं चोरायची आणि मग तिथनं शिव्या यायच्या. शिव्या खाण्यापेक्षा शेण वाहणं परवडायचं.

"राजी, तुज्या आईला उठीव."

"तुमी उठवा की. मिशा तुमाला हायत."

त्यानं कासरा टाकला. बैल सोडले, रूळ तिथंच ठेवला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत गेला. आई उठून बसली. रुळाची जिथं रेघ उमटली होती तिथं तिनं बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "आन शेण."

हे तिसरं वर्ष होतं.

आमचं हुणसेपाळ्य बेंगळुराजवळच्या येलहंक्यापासून दोन मैलांवर, बळ्ळारी रस्त्याला लागून. दहा-बारा घरं मराठ्यांची, बाकी सगळी वक्कलिगांची. आमचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडं आले म्हणे. तलवारी घेऊन आले, मुलूख जिंकला, आणि मग काय केलं, तर रागी, म्हणजे नाचणी, पेरली. तीनशे वर्षं रागीच पेरतोय. पण माझा बाप मालोजी, ज्याला आम्ही अप्पा म्हणतो, तो चिंचेखालच्या कट्ट्यावर बसून अजून घोड्यावरच असायचा. "आमी राजांच्या पदरी व्हतो." समोरचा बसवंत न्हावी मान हलवायचा आणि वस्तरा परजायचा. घरात बायको शेणात लोळतेय आणि हा राजांच्या पदरी.

खरं तर आईचा हात म्हणजे हात होता. सुग्गी जवळ आली, म्हणजे मळणीचे दिवस आले, की आधी तिला बोलावणं यायचं. भुई खरवडायची, पाणी मारायचं, बैलांनी तुडवून घ्यायची, आणि मग शेणात रागीचं भूस कालवून सारवायचं. ती सारवायची तेव्हा तिच्या बोटांच्या कमानी एकीत एक बसायच्या. आमच्या खळ्यावर सांडलेला दाणा पिसानं लोटला तरी सरकायचा. वक्कलिगांच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. आई लाजायची आणि पदरानं तोंड पुसताना गालाला शेण लावून घ्यायची.

मग एका सुग्गीला सारवून झालं आणि ती उठलीच नाही. वाळताना केसाएवढ्या चिरा पडतात. जगातल्या सगळ्या खळ्यांना पडतात, कुणी बघतसुद्धा नाही. तिनं बघितल्या. पुन्हा सारवलं. ते वाळलं, पुन्हा चिरा. पुन्हा शेण. सूर्य चिरा पाडायचा, ती बुजवायची. देवानं सूर्याला दुसरं काम दिलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी उशिरा का होईना, मळणी झाली. दुसऱ्या वर्षी आई विळा घेऊन खळ्यावर उभी राहिली. चार जणींनी धरून ठेवली तेव्हा कुठं बैल फिरले. तिच्या मनगटांवर बांगड्या फुटून रक्त आलं आणि ती एवढंच ओरडत होती, "पायताणं काढा! निदान पायताणं तरी काढा!" खळ्यावर लक्ष्मी उतरते, तिथं चप्पल न्यायची नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. पण त्या झटापटीत चौघीही चपला घालूनच चढल्या होत्या. मी खाली बघितलं तर माझ्याही पायात चपला.

असं का झालं म्हणून लोक विचारतात. मलाच विचारतात, जसं काही मी तिचं डोकं उघडून बघितलंय. कृष्णाबाई शेजारीण म्हणाली, चिंचेवरचं भूत. अप्पांची बहीण म्हणाली, दुसऱ्यांदा मुलगा पोटातच गेला त्याचा धक्का. एकजण म्हणाला, पोरीला शाळेत घातलं म्हणून देव कोपला. वा रे देव! मी सातवीपर्यंत शिकले तर तो माझ्या आईच्या डोक्यात शिरला, माझ्या नाही. अशी एकेकाची अक्कल. काहींचे केस पिकतात, काहींचं डोकं पिकतं, एवढंच मला कळत होतं. आणि मला तिची चीड यायची, हेही सांगते. अंगाला कायम शेणाचा वास. नखं हिरवी. येलहंक्याच्या संतेला, म्हणजे आठवड्याच्या बाजाराला, गेलं की पोरी नाक धरायच्या आणि मी तिच्यापासून दहा पावलं पुढं चालायची, जसं काही ही बाई माझी कुणीच नाही.

आमचे शाळेचे मास्तर भीमाचार्य एकदा अप्पांना म्हणाले होते, "बेंगळुरात डोक्याचं इस्पितळ आहे. मोठे डॉक्टर आहेत. दाखवून तर बघा."

अप्पा भडकले. "मराठ्याची बाई येड्यांच्या इस्पितळात? काय नाव ऱ्हाईल?"

नावाचीच काळजी. नावाला काय, रागीच्या मुद्द्याबरोबर, त्या उकडलेल्या गोळ्याबरोबर, खायचंय?

तर त्या सकाळी चिकप्पा बैल सोडून गेला तो तडक कट्ट्यावर गेला आणि अप्पांना घेऊन आमच्या पडवीत येऊन बसला. मी आत चुलीपाशी होते. दोघांना वाटलं, पोरगी आहे, तिला काय कान आहेत!

"अण्णा, आता इचार कराया पायजे," चिकप्पा म्हणाला. "तुजी उडवी आन माजी उडवी, खळं येकच. दोन घरांचं वर्साचं खानं हितं कुजतंय. परवा बुधवारी ढग व्हते. पाऊस पडला तर गुरं बी खानार न्हाईत."

"मग काय करू?"

"डोंगरापल्याडचं देवस्थान हाय न्हवं? तिथं ठेवू. खांबाला साखळी असतीया, बांदून ठेवत्यात. सहा म्हैने, वरीस. देवाच्या मनात आलं की उतरतंय."

"साखळी..." अप्पा म्हणाले.

"देवाची साखळी हाय अण्णा, पोलिसाची न्हाई. अवसेला गाडी जुंपतो मी. वैनी गेली की दुसऱ्या दिवशी मळनी."

मी ते देवस्थान बघितलं होतं. आठ वर्षांची असताना जत्रेला गेलो होतो. एक बाई खांबाला बांधलेली होती. पायातलं कडं घोट्याच्या मांसात रुतलं होतं आणि त्यावर माशा बसल्या होत्या. तिच्या पुढ्यात केळीच्या पानावर भात होता आणि तिचा हात पोचेल त्याच्या एक वीत पुढं ते पान ठेवलेलं. मुद्दाम ठेवलं होतं की चुकून, मला माहीत नाही. मी रडले तेव्हा अप्पांनी मला बत्तासे घेऊन दिले.

आता अप्पा बत्ताशांचाच विचार करत असावेत, कारण आधी घसा खाकरला आणि मग म्हणाले, "बरी हून येईल न्हवं?"

"येईल की."

"मग तू म्हंतोस तसं."

झालं. बायकोचा निकाल लागला. राजांच्या पदरी असलेल्या माणसानं असा न्याय केला आणि वर मला हाक मारली, "राजे, च्या टाक गं दोन कप." मी चहा टाकला. साखर घातली नाही. दोघांपैकी एकालाही कळलं नाही.

अवसेला पाच दिवस होते. मी अंथरुणात पडल्या पडल्या एकच हिशेब करत होते. मळणी झाली, रागी घरात आली, तर आईला न्यायला कारण उरत नाही. चिकप्पाला आईच्या वेडाशी देणंघेणं नव्हतं, खळं हवं होतं. पण खळ्यावर आई होती, आणि आई उठत नव्हती. आईच्या अंगावरनं रूळ नेणं आणि तिला साखळीला बांधणं, दोन्ही मला नको होतं. मग खळं आणायचं कुठनं?

खळं दारातच होतं. काळंभोर, तीस फूट रुंद, बळ्ळारीपर्यंत लांब.

त्या पावसाळ्यानंतर आमचा रस्ता नव्यानं डांबरी केला होता. येलहंक्याकडं विमानवाल्या मिलिटरीचं बांधकाम निघालं होतं, त्यासाठी खडीच्या लाऱ्या सकाळपासनं सुरू असायच्या. दोन दिवसांपूर्वीच मी गुरांसाठी उडवीतनं ओढलेली एक पेंढी घेऊन रस्ता ओलांडत होते. लारी आली, मी घाबरून बाजूला झाले, पेंढी पडली आणि चाकाखाली गेली. उचलायला गेले तर काड्या मोकळ्या आणि डांबरावर लाल दाणे. बैलाला दहा फेऱ्या लागल्या असत्या तिथं टायरानं एका दमात काम केलं होतं. तेव्हा मला काहीच सुचलं नाही. दाणे पायानं कडेला लोटले आणि घरी गेले. मीही शेवटी ह्याच घराण्यातली.

सकाळी तांबडं फुटायच्या आत उठले. धुकं असं की रस्त्यापलीकडची करंजाची झाडं दिसत नव्हती. उडवीतनं पेंढ्या ओढल्या. वरच्या ओल्या झालेल्या, बुरशीच्या वासाच्या. आतल्या अजून कोरड्या होत्या, हाताला ऊब लागत होती. डोक्यावरनं वाहून वाहून रस्त्याच्या अर्ध्या भागात पन्नास पावलं लांब पसरल्या. धुकं विरलं आणि पहिली लारी आली ती हॉर्न मारत बाजूनं निघून गेली. दुसरीही बाजूनं गेली. म्हणजे हे शहाणे रागी वाचवून चालवत होते! मी पेंढ्या रस्ताभर पसरल्या. आता जा कुठनं जायचंय ते.

मग टायर आले. एक, दोन, डोड्डबळ्ळापूरची बस, पुन्हा लारी. मी आकडी घेऊन पेंढ्या उलटत होते आणि एकेका गाडीबरोबर ती रागी सळसळत निसटत होती. मला रडू आलं. आनंदाचं होतं, खोटं कशाला बोलू?

पण गाव उठलं. आणि गाव उठलं म्हणजे तोंडं उठली.

पहिली कृष्णाबाई. "अगं बया! रस्त्यावर रास? आन पायताणं, थुका, कुत्री, समदं त्या रस्त्यावर!"

"तुमच्या घरी जेवायला बोलवनार न्हाई, काळजी नसावी."

मग कट्ट्यावरची सगळी रिकामी जनता आली. बसवंत न्हावी अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकाला घेऊनच आला. हसत होते लेकाचे. आयुष्यात एक पेंढी कधी उचलली नाही आणि माझी आकडी कशी धरलीय त्यावर बोलत होते. अप्पा आले ते धोतराचा सोगा हातात धरून धावतच आले.

"राजे! काय मांडलंस हे? शहाजीराजांबरबर आलेली मानसं आपन! आपली लक्ष्मी चांभारकुंभाराच्या पायाखाली?"

"राजांची मानसं हायत तर आकडी घ्या अप्पा. दुसऱ्या बाजूनं उलटाया कुनी न्हाई."

"लोक हसत्यात!"

"हसू द्या. रागी दळताना लोकांचं हसनं चाळून काढीन."

चिकप्पा आला तेव्हा मात्र मला भीती वाटली. तो हसत नव्हता. त्यानं वाकून मूठभर दाणे उचलले, तळव्यावर फुंकले, बघितलं. दाणा स्वच्छ निघाला होता. त्याच्या तोंडावर काय उमटलं म्हणता? राग. कारण ही अक्कल त्याला यायला हवी होती.

"ही रागी कोन खानार?" तो म्हणाला. "डांबराचा वास येनार हिला. अण्णा, आई तशी ल्येक. दोघींला गाडीत घालतो मी अवसेला."

 अप्पा धोतराच्या सोग्याकडं बघत उभे राहिले. तेवढ्यात लोक बाजूला झाले.

आई आली होती. खळ्यावरनं उठून, हाताला ओलं शेण तसंच. उडवी अर्धी गेलेली तिनं बघितली असणार.  आता ही ओरडणार, पेंढ्यांवर लोळणार, समोरनं लारी येणार, आणि चिकप्पाला अवसेपर्यंत थांबायचीही गरज पडणार नाही. मी आकडी टाकून तिच्याकडं निघाले.

ती रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली. पेंढ्या बाजूला सारून तळवा डांबरावर ठेवला आणि सरकवला. मग दुसरा तळवा. बसल्या बसल्या पुढं सरकत गेली, पाच हात, दहा हात, नाक जवळजवळ टेकवून, बोटांनी चाचपत. लोकांनी हसणं थांबवलं होतं. तमाशा चांगला चालला की ही माणसं गप्प बसतात. ती चाळीस-पन्नास हात गेली आणि तशीच परत आली.

"राजे," तिनं मला विचारलं, "हे कुनी सारवलं?"

काय सांगणार? "सरकारनं," मी म्हटलं.

"चांगला हात हाय," आई म्हणाली.

कोणीतरी फिसकन हसलं. मला हसू आलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा ती कपाळाला आठी न घालता भुईकडं बघत होती. चीर नव्हती. एकही नव्हती.

तेवढ्यात वळणावर लारीचा हॉर्न वाजला. सगळे कडेला पळाले. आई उठली आणि पळाली नाही. रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर करून उभी राहिली. मी किंचाळले. ब्रेक लागले, खडी सांडली, लारी तिच्यापासून पाच-सहा हातांवर येऊन थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून कानडीत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कानडी आम्हाला घरच्यासारखीच, त्यामुळं प्रत्येक शब्द लागला.

आई शांतपणे त्याच्या दारापाशी गेली आणि कानडीतच म्हणाली, "चप्पल काढ. खळं हाय."

"काय?"

"खळ्यावर आलास. चप्पल काढ."

कट्टेवाले आता पोट धरून हसायला लागले. "अवो, तिचं डोकं फिरलंया!" बसवंत ओरडला. "चाकांला बी काढाया सांगेल!" चिकप्पा पुढं झाला, दंडाला धरून आईला ओढायला लागला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "माफ करा सामी, येडी हाय, चार दिसांत पाठवनारच हाय तिला." अप्पांनी तोंड फिरवलं. पाठीमागं झाडाचा शेंडा बघत उभे राहिले, राजांच्या पदरी.

ड्रायव्हर उंच बसला होता. त्यानं चिकप्पाकडं बघितलं. आईचे हिरवे हात बघितले. मग रस्त्यावर पसरलेली रागी बघितली, लांबपर्यंत. नवखा नव्हता तो, कुठल्या तरी शेतकरी घरातच वाढलेला असणार.

"बाईचा हात सोड," तो चिकप्पाला म्हणाला. "माझी आई असती तर तिनं कानफटात दिली असती मला."

त्यानं वाकून पायातल्या चपला काढल्या, आईला दिसतील अशा वर धरल्या आणि बाजूच्या सीटवर ठेवल्या.

"सरी, अव्वा?" ठीक ना आई, म्हणून त्यानं विचारलं.

"सरी," आई म्हणाली आणि बाजूला झाली.

त्यानं लारी हळूहळू नेली, बैलाच्या चालीनं. शेवटाला पोचला आणि तशीच मागं घेतली, पुन्हा पुढं नेली. तीन वेळा. तीस पेंढ्यांची मळणी त्यानं खडीसकट करून दिली. जाताना विचारलं तेव्हा नाव कळलं, मल्लाप्पा. त्यानं पुढं कामावर जाऊन सांगितलं असणार, कारण दुपारपासनं ज्या लाऱ्या आल्या त्या आईला बघून आपणहून थांबत. कुणी चपला उचलून दाखवी, कुणी उघडं पाऊलच खिडकीबाहेर काढी. आई एकेकाचा पाय निरखून बघायची आणि मान हलवायची. एकाला तर पाय धुऊन ये म्हणाली. तो धुऊन आला.

परक्या मुलखातली, डिझेलनं माखलेली, शिवराळ माणसं. त्यांना कळलं. ज्यांच्या घरातली खळी तिनं वीस वर्षं सारवली ते कडेला बसून भुईमूग खात होते. टरफलं रागीत उडत होती. मी जाऊन टरफलांची मूठ बसवंतच्या सदऱ्यात टाकली.

तीन दिवसांत आमची उडवी संपली. वारं दिलं, दाणा पाखडला, कणगी भरली. अवसेच्या सकाळी चिकप्पा गाडी जुंपून दारात उभा राहिला.

"चला वैनी. देवाला जाऊन येऊ."

मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. "कशापायी? रागी घरात आली. खळं मोकळं हाय, घाला तुमची उडवी."

"येडीला घरात ठेवनार?"

"तुमाला न्हाई का ठेवलं इतकी वर्सं?"

त्यानं अप्पांकडं बघितलं. मीही बघितलं. अप्पा पडवीत बसून ताज्या रागीचे मुद्दे सांबारात बुडवून खात होते. डांबराचा वास येत असलाच तर तोंडावर दिसत नव्हता. चिकप्पानं हाक मारली, "अण्णा, चल की!"

"जेवतोय," अप्पा म्हणाले. "नंतर बघू."

नंतर कधी बघितलं नाही. माझ्या बापानं आयुष्यात एकच चांगलं काम केलं, आणि तेही आळसापायी.

आणि चिकप्पा? त्यानं आपली उडवी खळ्यावर घातली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बघते तर बळ्ळारी रस्त्यावर त्याच्या पेंढ्या, आमच्यापेक्षा दुप्पट लांब, अगदी सरळ पट्ट्यात. आयत्या बिळावर नागोबा. आणि माझ्या आईला हाक मारायला बायकोला पाठवलं होतं, "वैनीला म्हनावं, जरा उभं ऱ्हावा, लाऱ्यावाले तिचं ऐकत्यात." आई गेलीही. तिला काय, खळं ते खळं. पुढच्या सुग्गीला वक्कलिग आले, त्याच्या पुढच्या वर्षी येलहंक्यापर्यंत सगळा रस्ता रागीनं आणि हुलग्यानं भरला. चिकप्पा सांगायचा, ही युक्ती माझी. अप्पा सांगायचे, राजांच्या वेळेपासून अशीच रीत आहे. राजांच्या वेळी लाऱ्या होत्या म्हणे.

आई बरी झाली असं कुणाला वाटत असेल तर त्यानं ते काढून टाकावं. ती बरी झाली नाही. सुग्गी नसली तरी रस्त्याच्या कडेला बसायची. हातात शेण नव्हतं एवढाच काय तो फरक, आणि नखं हळूहळू माणसाच्या रंगाची झाली. मला तेवढं पुष्कळ होतं.

चौथ्या पावसाळ्यात रस्त्याला चीर पडली.

मिलिटरीच्या जड गाड्यांनी पडली असेल. केसाएवढी नव्हती, हात जाईल एवढी. कट्ट्यावरनं मला कुणीतरी ओरडून सांगितलं, "राजे, जा, तुजी आई बग काय करतीया!" आवाजात तीच मजा होती.

मी गेले. आई चिरेपाशी बसली होती. डांबराला धरून ओणवी झाली होती, आणि रडत होती. इतक्या वर्षांत कधी रडली नव्हती. मला बघून म्हणाली, "सरकारला सांग. हात बिघडला त्याचा."

गावातला एकूण एक माणूस बघायला जमला होता. सगळ्यांची रागी त्या रस्त्यानं झोडली होती, सगळ्यांच्या पोटात होती. एकजण म्हणाला, आता परत सुरू झालं बघा. चिकप्पा म्हणाला, मी तेव्हाच सांगत होतो.

 बोलून काय, त्यांच्या तोंडाला लागायचं म्हणजे गटारात हात घालायचा. मी घरी आले. गोठ्यातनं पाटीभर शेण काढलं, भूस कालवलं, आणि पाटी डोक्यावर घेऊन भर दुपारी सगळ्यांच्या मधनं रस्त्यावर गेले. चप्पल कडेला काढली. आईच्या शेजारी बसले आणि सारवायला लागले.

तिनं डोळे पुसले, मी सारवलेलं बघितलं आणि माझा हात बाजूला केला.

"असं न्हाई," ती म्हणाली. "बोटं जवळ घे."